मातेऱ्याचा वाटा

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल विकला जातो तेव्हा त्यातला थोडा जमिनीवर सांडतोच. एखादं पोतं फाटकं असतं, काट्यावर ओतताना दाणे उडतात, हमालाच्या पाठीवरून धार लागते. संध्याकाळपर्यंत आडतीच्या ओट्यावर आणि खालच्या फरशीवर ज्वारी, तूर, करडई, माती, काड्या, बैलांचं शेण आणि विड्यांची थोटकं यांचा एक थर साचतो. तो थर आम्ही बाया झाडून गोळा करायचो, चाळायचो, सुपानं पाखडायचो. स्वच्छ निघालेलं धान्य आडत्याचं. चाळणीखाली मातीत मिसळून जे उरायचं ते आमचं. त्याला मातेरं म्हणतात. दिवसभराच्या कामाचे आम्हाला पैसे मिळत नसत, मातेरं मिळायचं. ते घरी नेऊन पुन्हा पाखडायचं, धुवायचं, वाळवायचं, मग त्यातलं काही दळायचं आणि काही कोंबड्यावाल्याला विकायचं.

लग्न होऊन जालन्याला आले तेव्हा मला हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. माझं माहेर किनवटच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. पाचवी झाल्यावर पुढची शाळा ओढ्यापल्याडच्या गावाला होती. मला कुणी मुद्दाम थांबवलं नाही आणि कुणी पुढंही पाठवलं नाही, असं माझं शिक्षण संपलं. माझे मालक वाटूरकडचे. त्यांच्या वाट्याला जमीन आली ती एवढीशी, म्हणून ते मोंढ्यात हमाली करायला आलेले. माहेरी जायचं तर दोनदा गाडी बदलावी लागायची आणि वर पुन्हा एस.टी. त्यामुळं मी वर्ष वर्ष जायची नाही. इथली माणसं बोलायची ते मला निम्मं समजायचं. मला सगळ्याचीच भीती वाटायची. दुकानात मीठ मागायचं तरी दारापर्यंत जाऊन परत यायची.

मला मोंढ्यात नेलं मावशीनं. ती माझी कुणी लागत नव्हती. आमच्या खोलीच्या मागं तिचं पत्र्याचं घर होतं. नवरा तरणेपणीच गेलेला. मुलगा टेंभुर्णीकडं सासुरवाडीला राहायचा. "वर्षातून एकदा येतो," ती सांगायची, "ते बी आईची याद आली म्हणून न्हाई, तूर सरली म्हणून." अंगानं काटकी, केस पार पांढरे, आणि आवाज असा, की आडतीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा मुनीम मान वर करायचा.

पहिल्या दिवशी मी सूप हातात घेतलं आणि हळूहळू हलवत बसले. दाणे जागचे हलेनात. मावशीनं आपलं सूप खाली ठेवलं.

"पोरी, ते सूप हाय. लेकराला झोका द्यायलीस का?"

सगळ्या हसल्या. मला रडू आलं. तिनं माझ्या मागं बसून माझे दोन्ही हात धरले आणि झटका कसा द्यायचा ते दाखवलं. तिच्या अंगाला धुळीचा आणि तंबाखूचा वास यायचा. त्या शहरात मला पहिल्यांदा कुणी जवळ घेतलं ते असं.

आमच्या आडतीला आम्ही पाच-सहा बायका होतो. संध्याकाळी मातेऱ्याचा ढीग झाला की त्याचे सुपानं सारखे वाटे पडायचे. मग एकीनं ढिगाकडं पाठ करून बसायचं. दुसरी एका वाट्यावर हात ठेवून विचारायची, "हा कुणाचा?" पाठ केलेली ज्या बाईचं नाव घेईल तिचा तो वाटा. त्यात भांडण नसायचं. पण एक रीत होती. कुणी बाळंतीण असेल, कुणी तापानं पडली असेल, तर तिचं नाव सगळ्यांत आधी घ्यायचं. त्याला बसलेलीचा वाटा म्हणायचे. काम करायला ती नसली तरी वाटा पडायचा.

हे मला माझ्या पहिल्या बाळंतपणात कळलं. खोलीत कुणी मोठं माणूस नव्हतं, माहेराहून निरोपाचं उत्तर आलं नव्हतं. एका संध्याकाळी मावशी डोक्यावर गाठोडं घेऊन आली आणि दारात टेकवलं.

"काय हाय मावशी?"

"तुझा वाटा."

"मी तर आलेच न्हाई."

"मंग? आम्ही काय तुला मेलेली समजलो का? ऊठ, लेकरू दे हिकडं, अन् चहा ठेव. साखर असंल तर."

दोन महिने तो वाटा येत राहिला. मी पुष्कळदा विचार करते, त्या वेळी तो आला नसता तर मालकांच्या एकट्याच्या हमालीत आमचं काय झालं असतं. माझ्या हातून कुणाचे उपकार फिटलेले नाहीत, आणि त्यांतला पहिला हा.

नव्वद सालाच्या आगंमागं हमालांची हालचाल सुरू झाली. सभा व्हायच्या, मोर्चे निघायचे. मग माथाडी कामगारांचं मंडळ आलं. हमालाची मजुरी आडत्यानं मंडळात भरायची, वर आणखी काही रक्कम भरायची, आणि मंडळानं त्यातून मजुराला पगार द्यायचा. आजारपण, अपघात, म्हातारपणाचा फंड, सगळं त्या वरच्या रकमेतून. नोंद झाली की हमालाला नंबर मिळायचा. मालक रोज घरी येऊन सांगायचे. मला वाटायचं, हे सगळं ऐकायला चांगलं आहे, पण काहीतरी बिघडणार. मला तेव्हा कशातही तेच वाटायचं.

नोंदी करायला मंडळाचा एक साहेब आमच्या आडतीवर आला. पोरगेला होता, डोक्याला रुमाल बांधलेला. हमालांचं झाल्यावर तो आमच्याकडं वळला. शेठ गादीवर बसून पान लावत होता. साहेबानं सगळ्यांत आधी मावशीला विचारलं.

"बाई, तुम्ही कुणाकडं कामाला?"

"कुणाकडं न्हाई," मावशी म्हणाली.

"मग इथं काय करता?"

"झाडतो अन् नेतो."

"पगार?"

"पगार कशाचा? आम्ही काय नोकर हाव का कुणाच्या? आमच्या मनाच्या मालकीण हाव."

बायका खूष होऊन हसल्या. शेठही हसला. साहेबानं एकेकीला तोच प्रश्न विचारला आणि एकेकीनं तेच उत्तर दिलं. माझी पाळी आली तेव्हा मीही मान हलवली. साहेबानं टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि पुढच्या आडतीला गेला.

बाहेरच्या माणसाला हे उत्तर वेडेपणाचं वाटेल. पण आम्हाला हा प्रश्न नवा नव्हता. वर्षानुवर्षं बाजार समितीचा वॉचमन काठी आपटत यायचा आणि हेच विचारायचा, "कुणाकडं कामाला? कुणी बोलावलं तुमाला?" तेव्हा शेठचं नाव घेतलं तर शेठ म्हणायचा, मी नाही बोलावलं, आणि वॉचमन गाठोडी सोडून मातेरं उधळून द्यायचा. कुणाकडं नाही, झाडून नेतो, एवढं म्हणून हात जोडले की सोडून द्यायचा. हे उत्तर जुन्या बायांनी नव्या बायांना शिकवलेलं होतं. मलाही मावशीनं पहिल्याच आठवड्यात पढवलं होतं. वहीपेन घेऊन जो येतो तो हुसकायला येतो, एवढंच आम्हाला ठाऊक. शिवाय नोकर म्हणजे ज्याला शेठ पैसे देतो तो. आम्हाला मातेरं मिळायचं, आणि मातेरं कुणी दिलं असं आम्ही मानतच नव्हतो. ते आम्ही काढलेलं होतं.

रात्री जेवताना मालकांनी विचारलं, "तुमची नोंद झाली न्हाई का?"

"साहेबानं विचारलं, कुणाकडं कामाला."

"मंग?"

"सांगितलं, कुणाकडं न्हाई."

त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "मोर्चाला आम्ही तुमचं बी नाव घेतलं होतं," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बायका मुनीमाकडं गेल्या. मुनीम म्हणाला, "आता काय? तुमीच बोलल्या ना, मालकीण हाव म्हणून. मालकिणींची नोंद मंडळ करत न्हाई." आणि कितीतरी दिवस तो आम्हाला मालकीण म्हणूनच हाक मारायचा. "ए मालकीण, तो कोपरा राह्यला."

पुढं काही वर्षांनी एक हमाल थप्पीवरून पडला. पोत्यांची थप्पी छतापर्यंत लागलेली होती. मांडीचं हाड मोडलं. मंडळानं दवाखान्याचा खर्च दिला. तो लंगडत का होईना परत आला, तेव्हा आम्ही सगळ्या त्याला बघायला गेलो. बघण्यासारखं काय होतं? पण त्याच्या बायकोचे दागिने अंगावरच होते, ते आम्ही बघितलं.

त्याच सुमाराला मावशीचा खोकला वाढला. धुळीत बसणाऱ्या प्रत्येकीला खोकला असायचाच. त्याला आम्ही आजार म्हणत नव्हतो. करडईचा आणि मिरचीचा हंगाम आला की वाढायचा, पावसाळ्यात बसायचा. पण मावशीचा पावसाळ्यातही बसला नाही. सूप चार वेळा हलवलं की ती खाली ठेवायची आणि तोंड उघडून बसायची. एक दिवस आली नाही. मग आलीच नाही.

आम्ही बसलेलीचा वाटा काढायला लागलो. रोज तिचं नाव आधी. मी घरी जाताना गाठोडं पोचवायची. ती खाटेवर उठून बसायची आणि मातेऱ्यात बोटं फिरवून बघायची.

"तुरीचं प्रमाण कमी हाय. कोण पाखडायलं?"

"मीच."

"तरीच."

पहिले काही महिने असे गेले. पण ती रीत बाळंतिणीसाठी होती, तापासाठी होती. जी उठून परत येणार तिच्यासाठी होती. मावशी उठणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. एक नवी आलेली बाई एकदा वाटे पडताना पुटपुटली, "आमच्या लेकराच्या तोंडचं किती दिवस काढायचं?" तिला कुणी गप्प केलं नाही. मावशीच्या कानावर ते कसं गेलं कुणास ठाऊक. मी गेले तेव्हा म्हणाली, "खरं बोलली ती. मी बसून खाऊन राह्यले. हे असं जास्त दिवस चालत न्हाई पोरी. दुसरं काय तरी बघावं लागंल."

दुसरं म्हणजे निराधारचा पगार. सरकार म्हाताऱ्या, कुणी नसलेल्या माणसांना महिन्याला थोडे पैसे देतं हे आम्ही ऐकलं होतं. तहसीलच्या बाहेर झाडाखाली एक अर्ज लिहिणारा बसायचा. मी मावशीला रिक्षात घालून तिकडं नेलं. त्यानं विचारलं, वय किती? मावशीला वय माहीत नव्हतं. मराठवाड्यात त्या पिढीचं वय रझाकाराच्या वक्तापासून मोजतात, म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सालापासून. त्या धामधुमीत मावशी अंगावर पिणारी होती. तिच्या आईनं तिला रिकाम्या कणगीत लपवलं होतं, ही गोष्ट ती आम्हाला नेहमी सांगायची. म्हणजे तेव्हा पन्नाशीच्या आसपास. पण केस पांढरे, दात पडलेले, पाठ वाकलेली. कुणीही सत्तरीची म्हटलं असतं.

अर्जवाला म्हणाला, "पासष्ट पाहिजे. डॉक्टरला सांग, रझाकाराच्या वक्ताला माझं लगीन झाल्तं."

"अन् लेकरं किती झाल्ती ते बी सांगू का?" मावशीनं विचारलं.

सरकारी दवाखान्यात वयाचा दाखला द्यायला डॉक्टर बसले होते. त्यांनी रझाकार आठवतात का म्हणून विचारलं. मावशीनं असं काही वर्णन केलं, की मी बघतच राहिले. सासरा कसा विहिरीत लपला, सासूनं पाटल्या चुलीत कशा पुरल्या, आपण नव्या नवरीनं दार कसं लावून घेतलं. सगळं तिच्या आईचं होतं, ऐकलेलं. डॉक्टरांनी दात बघितले आणि सही केली. बाहेर आल्यावर मावशी पायरीवर बसून हसली, हसता हसता खोकला लागला, आणि मग कितीतरी वेळ तिला श्वासच येईना. जरा बरं वाटल्यावर म्हणाली, "एका सहीत आईच्या वयाची झाले बघ."

अर्जाशी मेळ बसावा म्हणून रेशनकार्डावरचं वयही त्याच दाखल्यावरून बदलून घेतलं. तो अर्जवालाच करून देतो म्हणाला.

अर्ज नामंजूर झाला. तिला मोठा मुलगा होता. मी कारकुनाला म्हणाले, तो मुलगा हिला बघत नाही. कारकून माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, बघतो का न्हाई ते इथं विचारत न्हाईत. हाय का न्हाई, एवढंच विचारतात."

मावशी रिक्षात बसताना म्हणाली, "पोटचा असून बी नडला बघ."

पुढं वर्षभरात हमालांच्या पुढाऱ्यांनी आमचा विषय पुन्हा काढला. दुसऱ्या जिल्ह्यात चाळणीवाल्या बायकांच्या नोंदी झाल्या होत्या म्हणे. मालक घरी येऊन म्हणाले, "पुन्हा साहेब येणार हाय. या टायमाला नीट बोला." ही बातमी मुनीमालाही होती. त्यानं आम्हाला सरळ सांगितलं, "शेठचं नाव घ्या, बिलकुल घ्या. पर मंग मातेरं बंद. पगार बी पाहिजे अन् मातेरं बी, असं चालत न्हाई."

आम्ही मावशीच्या घरात जमलो. जागा एवढीशी, दोघी-तिघी दारातच उभ्या. मंडळाचा पगार सुरू व्हायला किती महिने लागतील कुणाला ठाऊक, मातेरं मात्र उद्याच बंद होणार. नव्या बाईनं तेच बोलून दाखवलं. मग सगळ्या मावशीकडं बघायला लागल्या. मातेरं बंद म्हणजे बसलेलीचा वाटाही बंद. मावशीच बोलली.

"माझ्याकडं काय बघता? पहिल्यांदा मीच वाकडं बोलले अन् तुमी माझ्या मागून बोलल्या. आता मी सरळ बोलते. मला बी नंबर भेटला तर मंडळ दवा देईल. न्हाई भेटला तर पुढचं पुढं."

साहेब आला त्या दिवशी मालकांनी आणि आणखी एका हमालानं तिला खुर्चीत बसवून मोंढ्यात आणलं. ती तुरीच्या पोत्याला टेकून बसली. या वेळचा साहेब वयस्कर होता. त्यानं "कुणाकडं कामाला" असं विचारलंच नाही. म्हणाला, "सकाळी यायला तुम्हाला कोण सांगतं?"

मावशीनं शेठकडं बोट केलं. "हे. लिलावाच्या आत ओटा साफ पाहिजे म्हणतात, म्हणून आम्ही उजाडायला येतो. चाळा म्हणले की चाळतो, थांबा म्हणले की थांबतो. पसाभर दाणे हिकडं तिकडं झाले तर आई-बहिणीवरून शिव्या देतात. शेठ, तुमी बाजूच्या आडतीतल्या बायांना कधी शिव्या दिल्या का? न्हाई. परक्याला माणूस शिव्या देत न्हाई साहेब. आम्ही ह्यांच्याच हाव, म्हणून तर देतात."

हमाल मोठ्यानं हसले. शेठ लाल झाला, पण नाही म्हणाला नाही. साहेबानं लिहायला घेतलं. एकेकीचं नाव, गाव, वय. प्रत्येकीनं रेशनकार्ड आणलं होतं. मावशीचं कार्ड आणि त्यात घडी घालून ठेवलेला वयाचा दाखला बघताना तो थांबला.

"आजी, साठीच्या आतल्याच नोंदी घ्यायच्या आहेत."

"मी हाय की आतली."

"इथं सहासष्ट आहे."

"ते खोटं हाय साहेब. निराधारसाठी लावलेलं. रझाकारात मी मांडीवर होते."

साहेबानं चष्मा काढला. "दाखला आहे ना डॉक्टरचा? त्यात लिहिलंय, लग्न झालेलं होतं."

"ते बी मीच सांगितल्यालं."

"मग मी कोणतं खरं धरू?"

मावशी माझ्याकडं बघायला लागली. साहेबानं ते कार्ड उलटून सुलटून बघितलं. खोटा दाखला घेतला म्हणून तिला पोलिसांत द्यायचं त्याच्या मनात नव्हतं, पण कागद सरकारचा होता, तो डावलताही येत नव्हता. शेवटी त्यानं कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं. माझी नोंद झाली.

मातेरं दुसऱ्या दिवशी बंद झालं. मुनीम दाराशी उभा राहून सगळं पोत्यात भरून घ्यायचा, कोंबड्यावाला येऊन घेऊन जायचा. ते काही महिने फार वाईट गेले. मग मंडळाचा पगार सुरू झाला. हातात रोख पैसे, आपल्या नावाचे. मी पहिल्यांदा आईला मनीऑर्डर केली. हे मी विसरणार नाही, आणि ज्यांनी आमच्यासाठी घोषणा दिल्या त्यांनाही विसरणार नाही. धाकट्या मुलीच्या वेळी माझं सिझर झालं, खर्च मंडळानं दिला. मी जिवंत आहे ती त्यामुळं.

पण वाटे पडायचे बंद झाले. ढीगच नव्हता, तर वाटे कशाचे पडणार? आम्ही ठरवलं, मावशीला प्रत्येकीनं पगारातून थोडं द्यायचं. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी दिलं. पुढच्या महिन्यात दोघींचे नवरे नाही म्हणाले. मातेरं ढिगातून जायचं, ते कुणाच्या घरातून जात नव्हतं. पैसा घरात येऊन परत बाहेर जातो, तेव्हा घरातली माणसं विचारतात. मी कुणाला दोष देत नाही. सगळ्यांची भूक सारखीच होती. हळूहळू मी आणि आणखी एक, अशा दोघी राहिलो. मी भाकरी पोचवायची, ती कधी भाजी पाठवायची.

मंडळाचा दवाखाना होता. ठरलेल्या वारी डॉक्टर यायचे आणि नंबर दाखवला की गोळ्या फुकट मिळायच्या. मावशीला नंबर नव्हता. मी ठरवलं, आपणच जाऊन खोकायचं. मावशीचा खोकला मी इतका ऐकला होता, की मला तो जसाच्या तसा काढता यायचा. रांगेत उभं राहून मनात सगळं घोकलं. रात्री झोप येत नाही, पायऱ्या चढवत नाहीत, छातीत शिट्टी वाजते. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी नळी पाठीला लावली. "श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या." पुन्हा पुन्हा जागा बदलून लावत राहिले. मला वाटलं, पकडले गेले.

"किती वर्षं आहात धुळीत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"शिट्टी वाजतेय खरी," ते म्हणाले. "आत्ताच औषध सुरू केलं तर वाढणार नाही. मध्ये सोडायचं मात्र नाही."

मी गोळ्या घेऊन बाहेर आले. घरी न जाता सरळ मावशीकडं गेले आणि पुडी तिच्या उशाशी ठेवली. तिनं मला बघितलं.

"काय म्हणले डॉक्टर?"

"काय न्हाई. खोकून दाखवलं, दिल्या."

"खोटं बोलायला तुला मीच शिकवलं, अन् मला शिकवतीस का? हिकडं ये."

तिनं माझ्या पाठीला कान लावला. तिला तसं वाकताना त्रास होत होता, तरी कान काढीना. मी श्वास रोखून धरला, पण किती वेळ धरणार? सोडावा लागला. ती सरळ झाली, पुडी उघडली, एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि तांब्या पुढं केला.

"घे. माझ्यासमोर घे."

"मावशी, निम्म्या निम्म्या करू."

"निम्मीनं कुणाचंच भागत न्हाई. तुला दोन लेकरं हायती. जल्दी घे, पाणी गार व्हायलं."

पाणी गारच होतं. मी गोळी गिळली. त्यानंतर ती रोज संध्याकाळी मला बोलवायची आणि गिळेपर्यंत बघत राहायची. मी कितीदा विनवलं, तिनं एकही तोंडात घातली नाही. थंडीचे दिवस तिला झेपले नाहीत, त्यातच ती गेली. मुलगा आला. पत्र्याचं घर त्यानं विकलं.

मी पुढंही बरीच वर्षं काम केलं. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर बदलले, दवाखाना बदलला, नंबर तोच आहे. छातीतली शिट्टी वाढली नाही. फंडाचे पैसे मिळाले त्यातून मुलीचं लग्न झालं. मी म्हातारी झाले तर मला कुणाच्या दारात जावं लागणार नाही, हे मला माहीत आहे, आणि तरी मी रोज सकाळी नंबरचं कार्ड जागेवर आहे का ते चाचपून बघते.